तिरके पंधरा इंच

अक्का, तुझी गोष्ट तुलाच सांगायची तर तू मध्ये दहा वेळा तोंड घालशील. म्हणून कुणा तिसरीचीच असल्यासारखी सांगते. गप्प ऐक.

अक्का शिंपीण. हात थरथरायला लागला, खडूची रेघ वाकडी जायला लागली, तेव्हा तिने झग्यांचे आराखडे लॅपटॉपवर काढायचं मनावर घेतलं. ते जमलं नाही, तर दुकान सुनेवर सोपवून खिडकीत बसायचं. ते तिला मरणाहून वाईट.

त्याआधी तिने धाकट्या बहिणीच्या लॅपटॉपला कव्हर शिवलं होतं. "किती इंची?" "चौदा." अक्काने चौदा इंच रुंद शिवलं. लॅपटॉप आत डुगडुगायला लागला. हे कोडं डोक्यात घेऊनच ती धाकटीला ओढत लॅपटॉपच्या दुकानात गेली आणि गळ्यातली टेप काढून मांडलेल्या लॅपटॉपचे पडदे मोजू लागली.

"खोक्यावर साडेपंधराच्या वर लिहिलंय, टेप साडेतेरा दाखवतेय. दोन इंच कुणी खाल्ले?"

"काकू, स्क्रीन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका मोजतात," विक्रेता म्हणाला.

"कापड कुणी तिरकं मोजून विकतं का?" मग धाकटीकडे वळून, "तरीच! तुझं कव्हर!"

"अगं, लोक बघतायत."

"बघू देत. मी त्यांची मापं घेत नाहीये." टेप पुढच्या लॅपटॉपवर गेली. "हा पंधराचा. नावाला लहान, पण उंचीला सरस. कसा?"

"याची रुंदी-उंची तीनास दोन. तो सोळास नऊ, सिनेमाला बरा."

"मला सिनेमा नको. झगा गळ्यापासून घेरापर्यंत दिसू दे."

पण याच्या पडद्यात ठिपके, म्हणजे पिक्सेल, जास्त, त्यामुळे अक्षरं मुंगीएवढी. अक्काचा चेहरा पडला. विक्रेत्याने सेटिंगमध्ये जाऊन अक्षरं मोठी केली. मोठी झाली, तरी कडा रेखीव.

अक्का नाक लावून बघत राहिली. "म्हणजे ठिपके हे टाके. इंचात जितके जास्त, तितकी वळणं सफाईदार. नक्षी मोठी काढा नाहीतर छोटी!"

त्या पडद्यावर तिने शेवटपर्यंत झगे आखले. रेघ सरळ. सून खिडकीत बसायची.

"ते कव्हर आण गं, आत घेऊन देते," असं अक्का फोनवर दर वेळी सांगायची. "आणते," म्हणून धाकटी फोन ठेवायची.

लॅपटॉप अजून आत डुगडुगतो, अक्का.