रविवारच्या फोटोतला ठिपका

हे म्या कुणालाच सांगितलेलं न्हाय. बायकोला न्हाय, भावाला न्हाय, देवापुढं हात जोडले तवाबी दुसरंच कायतरी मागून आलो. आता तुमी म्हणाल, बबन, तुझ्या पोटात गोष्ट राहती? तुझ्या? — खरंय तुमचं. कळंबच्या स्टँडपासून बाजारापर्यंत कुणालाबी इचारा, झेरॉक्सवाला बबन म्हंजे गळकं पिंप. सकाळी कानात पडलं की दुपारपर्यंत गावभर. माझ्या लग्नात मी हार घालताना पाटावरनं कसा पडलो, हे न आलेल्या पाहुण्यांना माझ्याच तोंडून कळलं. पण ही एक गोष्ट राहिली. चार वर्षं राहिली. राहिली कसली — ठेवली.

आधी माझी अक्कल किती ते सांगून टाकतो. म्या तिसरीत शाळा सोडली. खरं तर शाळेनंच मला सोडलं. अन् धंदा बघा कसला धरला — झेरॉक्सचा! ज्याला धड वाचता येत न्हाय त्यानं दिवसभर लोकांचे कागद छापायचे. एकदा एका माणसाला जमिनीच्या उताऱ्याऐवजी त्याच्या पोरीच्या पत्रिकेच्या परती काढून दिल्या. तो तशाच घेऊन तलाठ्याकडं गेला. तलाठी म्हणला, गुण जुळत न्हायेत.

असा मी. अन् असल्या माणसाच्या दुकानात दर रविवारी सकाळी आभाळाची चर्चा चालायची. हसू नका. खरंच चालायची, आजबी चालती.

आमी चौघं होतो. भिसे सर हायस्कुलात विज्ञान शिकवतेत. त्यांच्याकडं चांगला कॅमेरा हाय. ते महिन्यातनं एकदा शेतातल्या कोठ्याच्या छतावर तो स्टँडवर लावायचे अन् आभाळाच्या एकाच तुकड्याचा फोटो काढायचे. उन्हाळ्यात ते विंचवाची नांगी धरायचे. विंचू म्हंजे चांदण्यांचा, वाकडी शेपटी असलेला. दर महिन्याला तीच जागा, तेवढाच तुकडा. मी तो चकचकीत कागदावर मोठा छापायचो. मग मागच्या महिन्याचा फोटो अन् ह्या महिन्याचा फोटो शेजारी ठेवायचा, अन् काय बदललं ते हुडकायचं. झालं. हेच आमचं शास्त्र.

दुसरे नाना. बियाण्याचं दुकान, पन्नास एकर काळी जमीन, अन् बोलणं असं की आभाळबी त्यांच्याच सातबाऱ्यावर हाय. एकदा नानांनी फोटोत तांबूस ढग हुडकला. हितं नवे तारे जन्मतेत म्हणून अर्धा तास आमाला समजावलं. सरांनी फोटो उन्हात धरला अन् म्हणले, "नाना, शेंगदाण्याची चटणी खाऊन बोट लावलंय तुमी." लई हसलो त्या दिवशी.

अन् तिसरे सरवदेमामा. ज्यांच्यासाठी हे सगळं सांगतोय.

मामा सरकारी दवाखान्यातून रिटायर झालते. उभा जन्म त्यांनी हिवतापाच्या रक्ताच्या काचा तपासल्या. त्यामुळं फोटो बघायची त्यांची रीतच वायली होती. भिंग घ्यायचे, डावीकडून उजवीकडं जायचे, मग एक बोट खाली उतरायचे, मग उजवीकडून डावीकडं. रानात कुळवाची पाळी घातल्यागत. मधी टिचभर जागा सुटायची न्हाय. मला म्हणायचे, "बबन, काचेवर एक जंतू नजरंतून सुटला तर तिकडं माणूस जायचा. तवापासून सवय हाय." म्हणून नवीन फोटोचा पहिला मान मामांचा. आठ दिवस तो त्यांच्या घरी राहायचा. ते वर पारदर्शक प्लास्टिक टाकून एकेका चांदणीला पेन्सिलीनं खूण करायचे. बाकीच्यांची पाळी नंतर. सगळ्यांचं बघून झालं की मी त्याला लॅमिनेशन करून भितीला लावायचो.

मला ह्यातलं काय कळायचं? काय न्हाय. मी च्या सांगायचो अन् हसवायचो. पण मामा मलाबी भिंग द्यायचे. सर अन् नाना बोलायला लागले की मला कोपऱ्यात घेऊन हळू समजावायचे — ही नांगी, हा तांबडा तारा म्हंजे विंचवाचं काळीज. त्यांनीच मला सांगितलं की कधीकधी एखादा तारा एकाएकी भडकतो. मागच्या महिन्यात तिथं काय नसतंय अन् ह्या महिन्यात ठिपका असतोय. अन् असे तारे आपल्यासारख्या हौशी माणसांनीबी हुडकलेत. "एकदा तरी दिसावा, बबन. एकदा." हे ते सरांना म्हणले नव्हते. नानांना न्हाय. मला म्हणले.

आता बघा — मला माहीत होतं. त्यांना काय पाहिजे ते आमच्यात मला एकट्याला माहीत होतं. हे ध्यानात ठेवा.

मे महिना होता. सरांनी फोटो दिला, म्या छापला. दुकानात व्हाईटनर असतंय, कागदावरचं खोडायचं पांढरं. म्या टाचणीचं टोक त्यात बुडवलं, अन् नांगीच्या जरा वर, काळ्या जागेत, टेकवलं. एवढंच. डोळ्याची पापणी लवायला जेवढा वेळ लागतोय तेवढा लागला. वाळल्यावर बघितलं तर मलाच ओळखू येईना. इतकं चांगलं आयुष्यात दुसरं काय काढलं न्हाय म्या.

का केलं? गंमत म्हणून. मामा पुढच्या रविवारी ठिपका दाखवतील, मग मी वरडणार — अहो हा बबनतारा हाय! सगळे हसतील. असं ठरवलंतं. चार वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलोय. पण खरं सांगू? त्याच्या आदल्या रविवारी सर म्हणलते, "सरवदेंची नजर म्हंजे आपल्या मंडळाचा जीव हाय." सगळ्यांनी माना डोलावल्या. म्या त्यावर एक विनोद केला. कुणी हसलं न्हाय. ऐकलाबी न्हाय कुणी. मी च्याचे कप उचलले. — जळलो हो मी. दुसरं काय?

बुधवारीच मामा दुकानात आले. फोटो पेपरात गुंडाळलेला. दुकानात ही गर्दी, दाखल्यांचे दिवस, काउंटरवर माणसावर माणूस. मामा बाजूनं आत आले, फोटो उघडला अन् पेन्सिलीचं टोक बरोब्बर तिथं धरलं. ज्या हातानं आयुष्यभर काचा धरल्या त्या हातानं. "बबन, हे मागच्या तीन महिन्यांच्या फोटोंत न्हाय. म्या अकरा डाव बघितलं." आवाज इतका बारीक की शेजारच्यालाबी ऐकू जाऊ नये.

तवाच बोलायचं होतं न्हाय का? एक शब्द. पण गिऱ्हाईक होतं — असं मी म्हणू शकतो. गिऱ्हाईक होतंच की. म्या म्हणलं, "मामा, रविवारी सांगा सगळ्यांना." वरनं हे म्हणलं. म्हंजे बघा, माणूस खड्ड्याकडं चाललाय अन् मी त्याला वाट दाखवतोय.

त्या आठवड्यात आभाळ भरून आलं, त्यामुळं रात्री वर बघून मामांना खात्री करता आली न्हाय. रविवारी मामा इस्त्रीचा सदरा घालून आले. मामींनी डबाभर शेंगदाण्याचे लाडू दिलते. मामांनी चारी फोटो मांडले अन् दाखवलं. नाना उठून उभे राहिले, त्यांनी मामांच्या पाठीवर थाप मारली. सर तर पुण्याला त्यांच्या वळखीच्या माणसाला फोटो धाडायला लॅपटॉप उघडून बसले. अन् मी? मी लाडू खात होतो. आत्ता सांगतो, आत्ता सांगतो, असं करत दुसरा उचलला.

सर थांबले. लॅपटॉपवरचा फोटो मोठा केला, अजून मोठा केला. मग कागद उचलला, पुन्हा पडद्याकडं बघितलं. कॅमेऱ्यातल्या फोटोत तिथं काय नव्हतं. काळं. सरांनी कागदावर नख घासलं. नखाला पांढरं लागलं.

सरांनी ते नख सगळ्यांपुढं धरलं.

"सरवदे, फोटो आठ दिवस कुणापशी होता?" नाना म्हणले.

"माझ्यापशी."

"मग?"

सर भला माणूस. ते माझ्याकडं वळले. "बबन, छापताना काय सांडलं-बिंडलं का रे?" — बघा, दार उघडून दिलं त्यांनी. व्हय सर, एवढं म्हणायचं होतं. पण नानाच मधी बोलले, "त्याला काय इचारता? त्यानं केलं असतं तर आत्तापर्यंत हसून हसून लोळला असता. त्याच्या पोटात काय टिकतंय का?"

अन् मी लोळलो न्हाय. तेवढ्यावर मी सुटलो.

फोटो नानांच्या घरी आठ दिवस असता तर नानांना कुणी असं इचारलं असतं का? म्या लई डाव इचार केलाय. आमच्या चौघांत जय भीम म्हणणारे मामा एकटेच. आठ वर्षं एका किटलीतला च्या पिलो आमी. पण त्या दिवशी सगळ्यांच्या नजरा किती पटकन एका जागी गेल्या — अन् माझीबी गेली, ज्याला खरं माहीत होतं त्याची!

मग कुणी बोलंना. अन् असं कुणी बोलंना की सगळे माझ्याकडं बघतेत. सवय हाय त्यांना. बबन कायतरी बोलंल, हसू होईल, जड हलकं होईल. अन् म्या बोललो. म्या म्हणलं, "मामा, चांदणी लावायचीच होती तर मामीची टिकली लावायची. चमकली तरी असती."

नाना हसले. सरांनाबी हसू आलं, मान खाली घालून.

मामांनी माझ्याकडं बघितलं. रागानं न्हाय. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. जसं ते काचेकडं बघत असतील तसं, नीट, मधी जागा न सोडता. मग भिंग फडक्यात गुंडाळलं अन् उठले. म्हणले, "नजर चुकली म्हणा. ते मान्य. पण हे माझ्या हातानं झालेलं न्हाय." डबा तिथंच राहिला. म्या दुसऱ्या दिवशी तो रिकामा करून त्यांच्या घरी नेऊन दिला. डबा दिला! त्याच्यासंगं सांगायचं तेवढं सोडून सगळं बोललो — पाऊस कधी येतोय, कांद्याचा भाव काय, मामी लाडू लई झ्याक होते.

मामा परत बैठकीला आले न्हायत. कुणी बोलवायलाबी गेलं न्हाय. पुढं एकदा एक तारा जरा जास्त उजळ दिसतोय असं सरांना वाटलं. म्हणले, सरवदे असते तर खात्रीनं सांगितलं असतं, बोलवू का त्यांना? नाना म्हणले, "कशाला? अजून एखादा चिटकवतील." अन् सगळ्यात आधी कोण हसलं? सांगायला पाहिजे का?

मामी एकदा बाजारात भेटल्या. म्हणल्या, ह्यांना आता आभाळ नको झालंय. पूर्वी उन्हाळाभर अंगणात बाज टाकायचे, आता उकाड्यातबी आत झोपतेत, दार लावून. डोळ्याला तरास होतो म्हणतेत. म्या म्हणलं, मोतीबिंदू असंल मामी, दाखवून घ्या. हेबी म्याच म्हणलं.

मला कुणी धरलं न्हाय. धरणारबी न्हाय. तो फोटो सरांनी फाडून टाकला. आता ठिपक्याचं खरं एका माणसाला माहीत हाय, अन् तो माणूस गावाला हसवतोय.

गेल्या नोव्हेंबरात मामा दुकानात आले. पेन्शनीसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतोय, त्याचे कागद होते. दुपारची वेळ, दुकानात चिटपाखरू न्हाय. मशीन गरम व्हायला वेळ लागला. माझ्या मागच्या भितीवर सगळे फोटो लावलेले हायेत. मामा तिकडं न बघता रस्त्याकडं तोंड करून उभे होते. म्या परती काढल्या. नीट जुळवल्या, उगाच दोनदा जुळवल्या. गिऱ्हाईक नव्हतं. नाना नव्हते. सर नव्हते. मामांनी हात पुढं केला, म्या कागद दिले, अन् तोंड उघडलं.

म्हणलं, "मामा, च्या सांगू का?"

"नको," म्हणले. कागद पिशवीत घातले अन् गेले.