रुग्णाने सहकार्य केले नाही

"पित्ताची नळी फुगली आहे. खाली काहीतरी अडकलंय. खडा असेल, नाहीतर गाठ असेल," डॉक्टर म्हणाले. म्हणाले ते माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला. पोट माझं, कावीळ मला, सोनोग्राफीच्या टेबलावरून उठून पदर सावरत होते तीही मीच. पण माझ्या कानात ऐकायचं मशीन दिसलं की माणसं माझ्या शेजारच्याशी बोलायला लागतात. मी डॉक्टरांच्या ओठांकडे बघत होते म्हणून 'गाठ' हा शब्द मला कळला.

अक्काला ऐकू नीट येतं, पण दवाखान्यातलं काही कळत नाही. मला कळतं, पण ऐकू येत नाही. जळगावात पिंप्राळ्यातल्या माझ्या घरी आम्हा दोघींचं असंच चाललेलं असतं. माझे मिस्टर गेले तेव्हा ती भडगावहून सोबतीला म्हणून आली ती राहिलीच. माझी सगळी नोकरी डाळमिलच्या ऑफिसात झाली, भिंतीपलीकडे दिवसभर यंत्रं धडधडायची. कान त्यानं गेले की आईकडून तसेच आले, ते कुणी ठामपणे सांगत नाही. मशीन घातलं की समोरच्याचं बोलणं समजतं. काढलं की काही म्हणजे काही नाही.

आजाराची सुरुवात खाजेनं झाली. तळहात, तळपाय, मग सगळं अंग. मी साबण बदलला. मग लघवी कोऱ्या चहासारखी होऊ लागली, तरी मी ऊन लागलं असेल म्हणून ताक पीत बसले. एकदा अंगणात धान्य निवडताना अक्कानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि सूप खाली ठेवलं. "माय वं, तुना डोया पिवया दिखी ऱ्हायनात!"

तिला मला नशिराबादला न्यायचं होतं. तिथं म्हणे कुणीतरी चुन्याच्या पाण्यानं हात धुऊन कावीळ उतरवतं, पिवळं पाणी पडतं. मी म्हटलं, पडू दे, पण आधी सोनोग्राफी करू. तुम्हालाही तेच सांगते. कावीळ आणि अंगाला खाज असं दोन्ही असेल तर आधी डॉक्टर गाठा. नळी तुंबली असेल तर ती हात धुऊन मोकळी होत नाही.

डॉक्टरांनी एमआरसीपी लिहून दिली. ही तपासणी एमआरआयच्याच मशीनमध्ये होते, फक्त तिच्यात पित्ताच्या आणि स्वादुपिंडाच्या नळ्यांची चित्रं काढतात. खडा निघाला तर तोंडातून दुर्बीण घालून काढता येतो. गाठ निघाली तर मोठं ऑपरेशन, तेही नाशिकला किंवा मुंबईला. सगळं त्या चित्रावर अवलंबून होतं.

सेंटरच्या काउंटरवर मी विचारलं, आत काय करतात? "काही नाही काकू, फोटो असतो." फोटो तर लग्नातही काढतात. तिथं निदान 'इकडे बघा' तरी म्हणतात.

आतल्या माणसानं बांगड्या, गळ्यातली साखळी, पिना सगळं काढायला लावलं. मग कानाकडे बोट केलं. मी म्हटलं, "हे काढते, पण मग मला काहीच ऐकू येणार नाही. मला आधी सगळं समजावून सांगा." तो म्हणाला, "टेन्शन नका घेऊ, हेडफोन देतो ना!"

पुन्हा वाचा. बहिऱ्या बाईला हेडफोन. मी काही बोलायच्या आत त्यानं माझं मशीन एका ट्रेमध्ये ठेवलं, माझ्या पोटावर एक जाड पट्टा बांधला, कशासाठी ते न सांगता हातात दाबायचा रबरी फुगा दिला आणि स्वतःच्या तोंडावर मास्क ओढला. त्याचे ओठही गेले.

बोगद्यात सरकवल्यावर छत अगदी नाकापाशी आलं. थोड्या वेळानं टेबल थरथरू लागलं. आवाज मला लांबून, उशीखालून आल्यासारखा आला, पण दणके पाठीत कळत होते. कशासाठी दणके, किती वेळ, मी काय करायचं, काही माहीत नाही. मी आपली हलायचं नाही एवढंच मनाशी धरून दगडासारखी पडून राहिले आणि शांतपणे श्वास घेत होते. श्वास रोखायचा असतो हे मला ठाऊकच नव्हतं. तो हेडफोनमध्ये सांगत होता म्हणे, 'श्वास सोडा, रोखा.' कुणाला सांगत होता, देव जाणे.

टेबल बाहेर आलं. मास्कच्या आत तोंड हलताना दिसलं, कपाळाला आठ्या होत्या. मी म्हटलं, मला ऐकू येत नाही. त्यानं हेडफोन माझ्या डोक्यावर आणखी दाबून बसवले आणि मला परत आत ढकललं. असं तीनदा झालं. शेवटी त्यानं पट्टा सोडला तो असा, जणू मी काही चोरी केली होती.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट मिळाला. इंग्रजीत होता, पण तेवढं मला वाचता येतं. चित्रं अस्पष्ट, निदान करता येत नाही. आणि त्याच्याही वर, पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की रुग्णाने सहकार्य केले नाही.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. इतकी वर्षं नोकरी केली, कुणी मला कामचुकार म्हटलं नाही. आणि इथं उपाशीपोटी, खाजेनं जीव चाललेला असताना, हूं की चूं न करता पडून राहिले, तर मी सहकार्य केलं नाही! मी काउंटरवर गेले. ते म्हणाले, "पुढच्या आठवड्यात भूलतज्ज्ञ येतील तेव्हा भूल देऊन करू." मला ऐकू येत नाही म्हणून मला बेशुद्ध करायचं! यावर काय बोलावं हे मला तिथं सुचलं नाही, घरी आल्यावर खूप सुचलं. अक्कानं ते सगळं ऐकून घेतलं.

पुढचा आठवडा यायच्या आधीच मला थंडी वाजून ताप भरला. हेही लक्षात ठेवा. कावीळ असताना हुडहुडी भरून ताप आला तर नळीत जंतू झालेले असू शकतात, तेव्हा वाट बघत बसायचं नसतं. डॉक्टरांनी धुळ्याच्या हॉस्पिटलात फोन केला, शेजाऱ्यांनी गाडी काढली आणि आम्ही एरंडोल, पारोळा करत धुळ्याला पोचलो. गोधडीत गुंडाळलेली मी आणि माझा हात धरून बसलेली अक्का. ती सारखी म्हणत होती, "बठ्ठं नीट व्हई." सगळं नीट होईल, तेवढं मला तिच्या ओठांवरून ओळखता येत होतं. मला भीती वाटत होती. चित्र परत बिघडलं तर गाठ आहे की खडा हे कळायच्या आतच मी जाईन, असंच मनात येत होतं.

सलाइन, अँटिबायोटिक सुरू झालं आणि दुसऱ्या दिवशी एमआरसीपीला नेलं. तिथली टेक्निशियन एक तिशीतली मुलगी होती. तिनं जुना रिपोर्ट वाचला, मग माझ्याकडे बघितलं आणि मास्क हनुवटीखाली ओढला. "मावशी, तेव्हा काय झालं होतं?" ती मला विचारत होती, अक्काला नाही. मी सगळं सांगितलं, जरा चढ्या आवाजातच. ती मुलगी मात्र चिडली नाही.

तिनं जे समजावलं ते इथं लिहिते, कारण हे समजून घ्यायचा तुमचा हक्क आहे. एमआरआय म्हणजे एक अवाढव्य चुंबक. मशीन गप्प असलं तरी चुंबक चालूच असतं. म्हणून आत लोखंड न्यायचं नाही, आणि कानाचं मशीनही न्यायचं नाही, ते कायमचं बिघडतं. आपल्या अंगात पाणी आणि चरबी असते, त्यातल्या हायड्रोजनच्या अतिसूक्ष्म कणांना हे चुंबक एका दिशेला लावतं. मग मशीन रेडिओच्या लहरी सोडून त्यांना ढळवतं. लहरी थांबल्या की ते कण परत जागेवर येताना बारीक सिग्नल देतात आणि कॉम्प्युटर त्यातून चित्र जुळवतो. यात एक्सरेचे किरण नसतात. बोगद्याच्या भिंतीतल्या तारांच्या वेटोळ्यांत वीज झपाझप चालू-बंद होते, त्यानं ती थरथरतात, तोच तो दणदणाट.

आणि मुख्य गोष्ट म्हणजे हे चित्र एका झटक्यात निघत नाही. थोडं थोडं गोळा करावं लागतं. आपण श्वास घेतला की यकृत आणि त्याच्या नळ्या खालीवर सरकतात, म्हणून चित्र फरफटतं. काही चित्रं श्वासाच्या लयीवर काढता येतात, पण काहींना श्वास रोखावाच लागतो.

"इतकंच होतं?" मी म्हटलं. "मग रोखते की. कधी रोखायचा ते कळवायची सोय करा. आत कुणीतरी माझा पाय धरा." घरी मी मशीन काढून झोपले की अक्का मला पायाचा अंगठा दाबूनच उठवते, ते माझ्या डोक्यात होतं. मुलगी अक्काकडे वळली. "आजी, तुमच्या अंगात कुठं स्क्रू, पट्टी, पेसमेकर? कधी ऑपरेशन झालंय?" अक्काचं एकही ऑपरेशन झालेलं नाही. मग तिच्या कुड्या, पाटल्या, काष्ट्याला लावलेली पिन, अंबाड्यातले आकडे सगळं निघालं. अक्का तक्रार करेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "माले काय नको सांगू, मी तुना पाय धरसु."

आम्ही बाहेरच सराव केला. अंगठा दाबला की श्वास सोडायचा आणि थांबायचं, अंगठा सुटला की श्वास घ्यायचा. दोघींच्याही कानात बोळे घातले, मलासुद्धा, कारण तो आवाज उरल्यासुरल्या कानालाही वाईट. अक्का टेबलाच्या टोकाशी उभी राहिली. मुलगी काचेपलीकडून हात वर करणार, अक्का दाबणार.

आत तेच छत, तेच दणके. पण माझा अंगठा अक्काच्या मुठीत होता. तिनं तो असा दाबला की नख रुतलं. मी श्वास सोडला आणि थांबले. टेबल थरथरत राहिलं, मी थांबले. मूठ सुटली, मी श्वास घेतला. परत, परत. मधेच एकदा पायाला कंप जाणवला. नंतर कळलं की माझ्याबरोबर अक्काही दर वेळी श्वास रोखून उभी होती आणि तिला गरगरायला लागलं होतं. तरी हात सुटला नाही.

बाहेर आल्यावर मुलीनं मला पडद्याजवळ नेलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या फांद्या, त्याच माझ्या नळ्या. एमआरसीपीत साचलेला द्रव पांढरा दिसतो आणि खडा काळा. खालच्या टोकाशी दोन काळे ठिपके होते. "निदान डॉक्टर सांगतील," ती म्हणाली, पण हसत होती. डॉक्टर संध्याकाळी माझ्या खाटेशी आले, माझ्यासमोर बसले आणि सावकाश म्हणाले, "खडेच आहेत. गाठ नाही." मी रडले. अक्का तर त्याआधीच रडायला लागली होती.

खडे ईआरसीपीनं काढले. तोंडातून दुर्बीण आतड्यापर्यंत नेऊन पित्तनळीच्या तोंडातून खडे ओढून काढतात, त्याला ईआरसीपी म्हणतात. पण त्याआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांनी माझी फाइल चाळली आणि अक्काला विचारलं, "या ऐकतात ना? त्रास नाही ना देणार?" जळगावच्या रिपोर्टची ती पहिली ओळ त्यांनी वाचली होती.

धुळ्याच्या त्या मुलीचे, डॉक्टरांचे आणि अक्काचे उपकार मी विसरणार नाही. पण उपकार मानायची वेळ का यावी? रुग्णाशी त्याला समजेल असं बोलणं हा काही उपकार नाही. तुमच्यापैकी कुणाला कमी ऐकू येत असेल, भाषा कळत नसेल, भीती वाटत असेल, तर आत जायच्या आधी अडून बसा. खुणा ठरल्याशिवाय टेबलावर पडू नका. आजारपणानं माझ्यात एकच फरक पडलाय. पूर्वी मी घरी येऊन भांडायचे, आता जागच्या जागी भांडते.

अंगात जरा ताकद आल्यावर मी अक्काला घेऊन जळगावच्या त्या सेंटरवर गेले. म्हटलं, ती ओळ बदलून द्या. काउंटरवाला म्हणाला, "काकू, तो ठरलेला शेरा आहे. चित्र हललं की सगळ्यांना तोच टाकतो." सगळ्यांना! म्हणजे खोकला आवरत नाही तो म्हातारा आणि सातपुड्यातून आलेली, यांची भाषा न कळणारी बाई, दोघांनीही सहकार्य केलेलं नसतं. मग मोठे डॉक्टर बाहेर आले. 'रुग्णास ऐकू येत नाही' एवढं लिहायला ते तयार झाले. मी म्हटलं, पुढचंही लिहा, की सूचना देण्याची दुसरी सोय आम्ही केली नाही. "असं नाही लिहिता येत," ते म्हणाले आणि का लिहिता येत नाही ते समजावू लागले.

मी कानातलं मशीन काढलं, पर्समध्ये टाकलं, चेन लावली आणि बाकावर बसले.

डॉक्टरांचं तोंड हलत राहिलं. काउंटरवाल्याचं हललं. सगळे मग अक्काकडे बघायला लागले. ती काय म्हणाली ते तिनं मला नंतर सांगितलं, "मनाकडे काय देखतस? तिले सांगा."

बराच वेळ गेला. आतून तो हेडफोनवाला माणूस आला. माझ्याकडे बघून घुटमळला, परत आत गेला आणि एक कोरा कागद आणि पेन घेऊन आला. माझ्यापुढे उकिडवा बसला, मांडीवर कागद ठेवून लिहिलं आणि माझ्यासमोर धरला. 'काकू, दोन्ही वाक्यं लिहून देतो म्हणाले सर. जरा थांबाल का?'

मोठं, सुटं अक्षर होतं त्याचं. मला चष्म्याशिवाय वाचता आलं.