ज्योतीरामनं ओढलेली दोरी

कुरुळीत आमच्या बिल्डिंगचा पत्ता सांगावा लागत नाही. "ज्योतीरामच्या खोल्या" म्हटलं की रिक्षावाला मागं वळूनही न बघता दारात आणून सोडतो. वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर चार बिऱ्हाडं आणि तळमजल्यावर स्वतः मालक. गावाभोवती कंपन्या उभ्या राहिल्या तेव्हा बहुतेकांनी उरल्यासुरल्या जागेत खोल्या बांधल्या, तशा ज्योतीरामनंही बांधल्या. फरक इतकाच, की बाकीचे मालक भाडं घेतात आणि पारावर बसतात. ज्योतीराम भाडं घेतो आणि त्याच भाडेकरूंच्या शेजारी बसून पहिल्या शिफ्टच्या बसनं चाकणच्या कंपनीत कामाला जातो.

"घरी बसून काय करू? आईच्या तोंडाकडं बघत बसू?" असं तो विचारतो.

"मग मी कुणाच्या तोंडाकडं बघू?" असं त्याची आई आक्काबाई आतून विचारते. मी इथं राहायला आल्यापासून या दोन प्रश्नांना कुणीच उत्तर दिलेलं नाही.

खोली देताना ज्योतीराम प्रत्येकाला एकच अट घालायचा. "खोलीत बिडी-सिगारेट चालणार न्हाई. भिंती पिवळ्या पडत्यात." अट घालताना त्याच्या बोटात सिगारेट असायची. मालकाची स्वतःची सोय जिन्याखाली, पाण्याच्या मोटरीशेजारी होती. मोटर चालू करायची, एक पेटवायची. ती संपली की दुसरी. दुसरी विझवली की टाकी भरलेली असायची. एवढं बिनचूक माप मी कुठल्या घड्याळात पाहिलेलं नाही. वरच्या मजल्यांवर नळाला पाणी येण्याआधी जिन्यातून वास यायचा आणि बायका म्हणायच्या, "आला धूर, लावा बादल्या."

असा हा माणूस वर्षातले दोन दिवस कुणाचा मालक नसतो की कंपनीतला टीम लीडर नसतो. गावच्या यात्रेत बैलगाड्यांच्या शर्यती असतात. चार बैलांची गाडी चढणीचा घाट डोळ्याचं पातं लवेपर्यंत चढून जाते, त्याला बारी म्हणतात. त्या एका बारीत मालकाचं नाव, त्याचं गाव, चारी बैलांची नावं आणि बघणाऱ्यांच्या अंगावर काटा, हे सगळं एका दमात बसवायचं, हे मचाणावर माइक धरून बसलेल्या ज्योतीरामचं काम. त्याचे वडील हेच काम माइकशिवाय करायचे. एका दमात म्हणजे एकाच दमात. मध्ये श्वास घेतला की बारी तुटली. गाडी वर पोचते, पण मजा खालीच राहते.

गेल्या साली ज्योतीरामचा दम तुटला. मोईची गाडी सुटली, "पुढं हिऱ्या-बादल, मागं लक्ष्या..." आणि पुढं नुसता खोकला. चार भोंग्यांतून. सोन्या नावाचा बिचारा चौथा बैल निनावीच पळाला. गाडीमालक रुसला, आणि बैल बोलू शकत असता तर तोही बोलला असता. यात्रा कमिटीच्या अण्णांनी दिवाळीनंतर ज्योतीरामला बोलावून सांगितलं, "यंदा माइक तुझाच. पण मंचरकडच्या एका पुकारणाऱ्याला बी बोलवून ठेवतोय. तुला खोकला लागला का माइक त्येच्या हातात. मग पुढच्या सालापास्नं त्योच."

ज्योतीराम घरी आला, जिन्याखाली गेला आणि मोटर चालू न करताच दोन सिगारेटी ओढल्या. मग जाहीर केलं, "सोडली."

त्यानंतर त्यानं ती इतक्या वेळा सोडली की आम्हाला मोजायचा कंटाळा आला. बायकोला, रुक्मिणीला, चुलीआड ठेवलेलं पाकीट सापडायचं. बसस्टॉपवर तो आमच्यापासून चार पावलं लांब उभा राहायचा आणि बसमध्ये तोंडात बडीशेपेचा ढीग घेऊन चढायचा. विचारलं तर म्हणायचा, "एकट्याचं काम हाय हे. कुणी मधी पडायचं न्हाई."

मध्ये पडला नवनाथ. नवनाथ बीडचा, दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि कंपनीत ज्योतीरामच्याच हाताखाली लाइनवर काम करतो. त्यांच्या लाइनवर डोक्याच्या उंचीवर एक दोरी टांगलेली असते. कुणाचा बोल्ट बसेना, कुणी मागं पडला, की त्यानं दोरी ओढायची. पिवळा दिवा लागतो, गाणं वाजतं आणि टीम लीडर धावत येतो. नवी पोरं दोरी ओढायला लाजतात. त्यांना ज्योतीराम रोज सकाळी एकच भाषण देतो. एका रविवारी गच्चीवर कपडे वाळत घालता घालता नवनाथनं ते भाषण त्यालाच ऐकवलं.

"मालक, तुम्हीच म्हणता ना? दोरी वढायला लाज कसली? जो वढतो त्येला कुणी बोलायचं न्हाई. जो लपवतो त्येची गाडी गिऱ्हाइकाच्या दारात बोंबलती."

"म्हंतो की."

"मग तुम्ही कामून लपवायलात?"

ज्योतीरामनं टोपलीतला एक चिमटा उचलला आणि परत टाकला. "हितं दोरी कुठाय पण?" असं म्हणाला. आवाज अगदी बारीक होता. घाट गाजवणाऱ्या माणसाचा वाटतच नव्हता.

दोरी तिथंच ठरली. ज्योतीरामला तलफ आली की त्यानं मिस्ड कॉल द्यायचा. रुक्मिणीला, नवनाथला किंवा मला, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या 'सरां'ना. बोलायचं काही नाही, कारण बोलायचीच त्याला लाज होती. ज्याला कॉल येईल त्यानं असेल तसं जायचं, त्याच्याजवळ उभं राहायचं, भलत्या गप्पा मारायच्या आणि तलफ ओसरली की परत यायचं. काही विचारायचं नाही. रागवायचं तर मुळीच नाही. ही अट रुक्मिणीला सगळ्यात जड गेली. "लगीन झाल्यापास्नं पहिल्यांदाच अशी अट ऐकतीया," ती म्हणाली.

आणि मग आमची पळापळ सुरू झाली. नवनाथ एकदा अर्ध्या दाढीनिशी टपरीपर्यंत पळाला. रुक्मिणी हळदीकुंकवातून उठून वाणासकट निघाली. ज्योतीरामच्या हातात प्लॅस्टिकची चाळणी देऊन शेजारी उभी राहिली आणि चाळणीच्या भोकांवर दोघं बोलत बसली. एकदा तर तिघांनाही एकदम कॉल आला. आम्ही तीन दिशांनी धापा टाकत कोपऱ्यावर पोचलो, तर मालक गुऱ्हाळावर शांतपणे उसाचा रस पीत होते.

"काय झालं?" तेच आम्हाला विचारायला लागले.

"तुम्ही दोरी वढली न्हवं?"

ज्योतीरामनं खिशातला फोन काढून पाहिला. "आयला, बसताना दाबला गेला." मग आमच्या घामेजल्या तोंडांकडं बघून त्यानं तीन ग्लास आणखी सांगितले आणि एकदम म्हणाला, "पर तुमी आला की राव." ग्लास हातात देताना तो आमच्याकडं बघत नव्हता.

घरात आक्काबाईंची वेगळीच आघाडी होती. आक्काबाई दाताला मिसरी लावतात; सकाळी तंबाखूची ती काळी भुकटी लावल्याशिवाय त्यांना माणसं ओळखू येत नाहीत. लेकाची झटापट चार दिवस बघितल्यावर त्यांनी आपला मिसरीचा डबा त्याच्यापुढं आदळला. "ह्यो तू लपीव. तुझं पाकीट मी लपिवते. कुणाचं आधी सापडतंय बघू."

त्या दिवसापासून मायलेक एकमेकांच्या लपवण्याच्या जागा शोधत घरभर फिरायला लागले. एके सकाळी रुक्मिणीनं दोघांनाही माळ्यावर धरलं. सासूबाई शिडीच्या वरच्या पायरीवर, नवरा खाली शिडी धरून.

"काय शोधताय?"

"मांजर," दोघं एकदम म्हणाले.

रागवायचं नाही ही अट सासूबाईंनाही लागू आहे का, हे ठरलं नव्हतं. रुक्मिणीनं दोघांना चहा दिला आणि डबा, पाकीट दोन्ही जाऊन नवनाथच्या खोलीत ठेवून आली. मालकाच्या घरातला ऐवज भाडेकरूच्या कपाटात, असं आमच्या गल्लीत पहिल्यांदाच घडलं.

मध्ये एकदा घसरलाच तो. कंपनीत मशीन बंद पडलं होतं, वरचे साहेब बोलले होते, आणि बस सोडून तो हायवेवरच्या टपरीवर गेला. ओढली. मग तिथूनच मिस्ड कॉल दिला. नवनाथ पोचला तेव्हा थोटूक पायाशी पडलं होतं.

"उशीर झाला रे. वढून झाली."

"दोरी उशिरा वढली तरी दोरीच की मालक," नवनाथ म्हणाला. "चला. भाकरी निवायलीय."

या सगळ्यात टाकीचे मात्र हाल झाले. सिगारेटीच्या मापाशिवाय मोटर चालू करून किती वेळ थांबायचं हे मालकाला आता कळेनाच. कधी अर्ध्या टाकीवर बंद करायचा आणि तिसरा मजला कोरडा. कधी गप्पांत विसरायचा आणि पाणी भिंतीवरून धो धो खाली. आधीच्या काळात यावरून भांडणं पेटली असती. आता साबण लावून खोळंबलेला माणूसही नुसतं "असू दे, असू दे" म्हणायचा.

यात्रा आली. मचाणावर ज्योतीराम बसला, त्याच्या पांढऱ्या टोपीला रुक्मिणीनं कडक इस्त्री केली होती. शेजारच्या खुर्चीत मंचरचे पुकारणारे बसले होते. झुपकेदार मिशा, स्वभावानं अगदी लोणी. सकाळच्या बाऱ्या झकास गेल्या. एकही नाव तुटलं नाही. आम्ही खाली गर्दीत पांगलो होतो. नवनाथ बैलांपाशी, मी भेळेपाशी.

दुपारी उन्हानं घाट तापला, धुरळा घशात गेला. पुढची गाडी जुंपायला वेळ लागत होता. मोठा दिवस, गाजलेले बैल, आणि बोलून बोलून ज्योतीरामचा गळा सुकलेला. तेव्हा मंचरकरांनी अगदी मायेनं पाकीट पुढं केलं. "घ्या दादा. दमला असाल."

त्यांना काय माहीत? पूर्वी गाडीमालक मचाणावर पाकिटं आणून ठेवायचे, तो मानच असायचा. ज्योतीरामनं सिगारेट घेतली. बोटांनी आपणहूनच ती नीट धरली. दुसऱ्या हातानं त्यानं फोन काढला आणि मला लावला, नवनाथला लावला, बायकोला लावला. हजारो माणसं, एक टॉवर. फोन लागेना. मंचरकरांनी काडी पेटवली.

आणि चार भोंग्यांतून आवाज आला, "नवनाथ! आरं नवनाथ! दोरी वढलीया मी! आसशील तिथनं मचाणाकडं ये!"

घाटावरच्या सगळ्या माना मचाणाकडं वळल्या. माइकवरून असं नाव पुकारलं जातं ते हरवलेल्या लेकराचं. माझ्या शेजारची एक म्हातारी कळवळून म्हणाली, "केवढा हाय गं नवनाथ?" तेवढ्यात पस्तिशीचा, चांगला मिशीवाला नवनाथ बैलांमधून उसळ्या मारत समोरून गेला. मागं भेळेची पुडी धरून मी. आणि बायकांच्या बाजूनं रुक्मिणी, एका हातानं पदर आणि दुसऱ्या हातानं आक्काबाईंना सावरत.

आम्ही मचाणावर चढलो. नवनाथनं त्याच्या बोटातली सिगारेट काढून घेतली. रुक्मिणीनं गुळाचा खडा दिला. मी भेळ पुढं केली. आक्काबाईंना शिडी चढवेना, त्या खालीच उभ्या राहून मोठ्यानं म्हणाल्या, "मी हाय रं हितं!" मंचरकरांच्या बोटाला काडीचा चटका बसला तेव्हा त्यांना सगळं कळलं. त्यांनी पाकीट खिशात टाकलं आणि स्वतःच्या तांब्यातलं पाणी ज्योतीरामच्या हातात दिलं.

गाडी अजून जुंपली जात होती. ज्योतीराम पाणी प्याला, छाती भरून घेतली आणि माइक ओढला.

"ही बारी माझी! गाडी कुरुळीच्या ज्योतीरामाची, ज्योतीरामाचा दम गेला व्हता, चाक मोडलं व्हतं, पर पुढं जुंपली माझी मंडळी रुक्मिणी आन् बीडचा नवनाथ, मागं जुंपलं वरच्या मजल्याचं सर आन् मिसरीचा डबा सोडून आलेली माझी म्हातारी, ह्यांनी वढली, ह्यांनी घाट चढीवली, आली आली आली, झाली रं झाली, भिर्रर्र!"

एका दमात. कुठंच तुटलं नाही. टोप्या उडाल्या, भंडारा उडाला. माझं आयुष्य एका ऑफिसातल्या टेबलाशी गेलं आहे, पण बैल म्हणून माझा जाहीर सत्कार झाला आणि मला त्याचा अतोनात अभिमान आहे. खाली अण्णा कुणाला तरी सांगत होते, "मंचरकरांना पोटभर जेवू घाला. पुढल्या साली त्रास द्यायला नगं त्यांना."

"म्हातारी कुणाला म्हनला त्यो?" एवढंच आक्काबाईंनी विचारलं.

टाकी अजून वाहते. गच्चीवरच्या पाइपातून पाणी बिल्डिंगच्या मागं पडतं, तिथं रुक्मिणीनं अळू लावलं आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या एकानं आपोआप बंद होणारं बटण बसवायचं सुचवलं, तर बाकीच्या अकरा बिऱ्हाडांनी त्याच्याकडं असं पाहिलं, की त्यानं विषय बदलला. पहाटे भिंतीवरून पाण्याचा आवाज यायला लागला की मी कूस बदलतो आणि मनात म्हणतो, चला, मालक ठीक आहेत. मग थोड्या वेळानं खालून आक्काबाईंचा आवाज येतो, "ज्योत्या, मोटर!" आणि त्याचा, घाटावरचा, "व्हय व्हय!"

काल अळूवड्या आल्या होत्या.