पाहुण्याचं पान

महायुद्धात आमच्या डोंगरावर एक विमान कोसळलं होतं. तिथे स्मारकाचा दगड बसवायचा म्हणून मी वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन घरोघर हिंडत होतो. पायथ्याशी राहणाऱ्या ठकूमावशींनी नोट पुढे केली आणि म्हणाल्या, "पावती त्या विमानवाल्याच्या नावाने फाड."

"त्याचं नाव कुणालाच माहीत नाही, मावशी."

"मग पाहुणा लिही. सासूबाई सर्वपित्रीला आपल्या माणसांबरोबर त्याचंही पान वाढायच्या. आता मी वाढते. त्याच्या घरचे इतक्या लांब कुठे येणार?"

मी लिहिलं, 'श्री. पाहुणे'. दगडाचं माझं कौतुक जरा उतरलंच. त्याच्या आईला मात्र कुणीतरी कळवायला हवं होतं, की बाई, तुमचा मुलगा इथे उपाशी राहिला नाही.