कोरं आभाळ

ऑफिसातून दमून सुटलो की मी वर्सोव्याच्या किनाऱ्यावर सूर्यास्ताचे फोटो काढतो. घरच्यांच्या मते हे पन्नाशीतलं खूळ. तिथे रोज एक कोळीण दिसायची. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरावर टांगायची आणि मान मोडेपर्यंत आभाळ बघत राहायची. मला वाटायचं, चला, आपल्यासारखंच वेडं कुणीतरी आहे.

मार्चमधल्या एका संध्याकाळी पश्चिमेला काळे ढग चढले, केशरी कडांचे. मी खुशीत म्हणालो, "मावशी, काय झकास आभाळ! आठवडाभर ढगांचीच वाट बघत होतो."

"तूच बोलवलेस काय रे मेल्या?" ती कडाडली. "माल भिजला तर किडे पडतील. बघतोस काय, काढ खाली!"

फोन खिशात टाकून मी बोंबील उतरवले. कंबर धरली. शेवटची टोपली तिच्या घरात गेली आणि थेंब पडले.

ती उंबऱ्यावर मटकन बसली. म्हणाली, "आमाला कोरं आभाळ बरं. कोण फोटो काढणार नाय, असलं."

हल्ली कधी लवकर घरी परततो. बायको विचारते, "आज काहीच नव्हतं?"

"काहीच नव्हतं," मी म्हणतो. "छान होतं."