सेटिंगचे दोन अर्थ

माझी पोरगी नववीत हाय, आन् तिला मोबाईलवर एक कार्यक्रम बघायचा नाद लागला होता. कोट घातलेला एक बाप्या टेबलामागं बसतो, बातम्या सांगतो आन् एकेका पुढाऱ्याची हिंदीत टर उडवतो. मधूनच शिवी येते, तिथं पीं वाजतं. त्या पींची मला लई चीड यायची. शिवी झाकली म्हणून यांनी मोकळं व्हायचं, आन् पोरीनं ती मनातल्या मनात भरून घ्यायची. सुरवातीला फक्त प्रौढांसाठी असं लिहिलेलं येतं म्हणे. आमच्या घरात एकच मोबाईल. त्याला काय कळतंय, समोर प्रौढ बसलंय का शाळेचं लेकरू?

पोरीचा बाप ढोकीला कारखान्यावर हाय. पाळी करून आला की बापलेक जेवता जेवता तेच लावायचे आन् दोघंबी खिदळायचे. म्या एकदा ताट आदळून सांगितलं, असलं पोरीला दाखवायचं नसतंय. तर उलट मलाच शहाणपण शिकवलं. म्हणाला, तिला राजकारण कळायला पायजे, उद्या मतदान करायचंय. हे मोठे मतदानवाले. मागच्या इलेक्शनला कुणाच्या मटणाच्या पंगतीला बसले होते ते मला ठाऊक हाय. पण खोटं कशाला बोलू, त्या कार्यक्रमामुळं पोरगी प्रश्न विचारायला लागली. आमची पिठाची गिरणी हाय, दारातनं नाली जाते. ती झाली, उखडली, परत झाली, तरी सांडपाणी आमच्याच उंबऱ्याला. पोरगी म्हणायची, आई, हे असं कोण करतंय? मला आतून बरं वाटायचं.

आता सरपंचबाईंचं सांगते. जागा बायकांसाठी राखीव निघाली म्हणून त्या उभ्या राहिल्या आन् निवडून आल्या. पण आमच्याकडं नुसतं सरपंच म्हटलं की त्यांचे मालक. खुर्चीत तेच बसायचे, फोन तेच घ्यायचे. बाईंकडं सहीपुरते कागद घरी जायचे, आन् त्या भाकरी थापता थापता हात पुसून सही करायच्या. मग दिवाळीनंतर त्यांनी काय मनात घेतलं कोण जाणे, रोज पंचायतीत यायला लागल्या. वाचल्याबिगर सही करीनात. ग्रामसेवकाला समोर बसवून एकेक गोष्ट विचारायच्या. दळण घेऊन आल्या की मला म्हणायच्या, वहिनी, यातलं निम्मं मला अजून कळत न्हाय, पण निम्मं कळायला लागलंय. मालकांना ते खुपत होतं, हे सगळ्या गावाला दिसत होतं.

सव्वीस जानेवारीला झेंडा बाईंनीच फडकावला. मग पोरांची भाषणं झाली. माझ्या पोरीनं 'माझं गाव' घेतलं होतं. सुरवात शाळेत बसवून घेतली तशीच केली, आन् मग एकदम तिचा आवाज बदलला. त्या कोटवाल्यागत तिनं टेबलावर हात टेकले आन् म्हणाली,

"आमच्या गावात नाली सारखी नवीन होते, कारण सरपंचबाई आणि ग्रामसेवक यांची सेटिंग आहे."

त्या कार्यक्रमात हा शब्द येताजाता असतो. ह्या पक्षाची त्या पक्षाबरोबर सेटिंग, साहेबाची ठेकेदाराबरोबर सेटिंग. म्हंजे आतून मिळालेले. पोरीला तेवढंच ठाऊक. पण आमच्या बेंबळीकडच्या खेड्यात एका बाईची आन् एका बाप्याची सेटिंग हाय म्हटलं की त्याचा एकच अर्थ लागतो. बाई वाईट चालीची, असा.

मैदानात भिंतीकडं उभ्या असलेल्या बाप्यांतून एकानं शिट्टी मारली आन् बाकीचे फिदीफिदी हसले. माझ्या लेकराला वाटलं, आपलं जमलं. तो कोटवाला लोक हसले की थांबतो आन् तेच वाक्य पुन्हा म्हणतो. ही पण थांबली, गालात हसली आन् पुन्हा म्हणाली. मला उठून तिचं तोंड दाबावं वाटलं. बाई झेंड्याजवळ खुर्चीत होत्या. त्यांनी पदर नीट केला, बाकी काही न्हाय. दुपारची ग्रामसभा तहकूब झाली. कागदावर माणसं कमी भरली असं लिहिलं, पण खरं कारण, बाई गेल्या त्या परत आल्याच न्हाईत.

घरी आणून दुसरा अर्थ मलाच सांगावा लागला. पोटच्या पोरीला असलं समजावून सांगायची पाळी कुणावर येऊ नये. ती आधी म्हणाली, पण मला तसं म्हणायचंच नव्हतं. मग त्या दिवशी जेवलीबी न्हाय. बाप म्हणाला, लहान हाय, व्हतंय. मी त्याच्यावर अशी तुटून पडले की शेजारीण भांडं मागायच्या निमित्तानं डोकावून गेली. मोबाईल म्या कपाटात कोंडला. कोटवाल्याला, बापाला, लेकीला, सगळ्यांना शिव्या घातल्या, आन् मधी पीं वाजवलं न्हाय.

दुसऱ्या दिवसापासनं पंचायतीच्या खुर्चीत परत मालक. लोकांची तोंडं बंद करायची म्हणून बाईला घरी बसवलंय, असं ते चारचौघांत सांगायचे आन् समोरचे मान डोलवायचे. गिरणीवर बायका कुजबुजत होत्या, तेव्हा मला कळलं की नालीचं दुसरं बिल बाईंनीच अडवून धरलं होतं. म्हंजे पोरीनं नेमकी तीच बाई धरली, जी एकटी नीट वागत होती. ह्यापायी मला त्या कोटवाल्याचा राग येतो. सगळे चोर, सगळे मिळालेले, हसा आन् झोपा. कोण चोर न्हाय ते बघायची तसदी त्यानं लेकरांना कधी दिली न्हाय.

पण खरं सांगू का? त्याच्यापेक्षा मला आमच्या बाप्यांचा संताप येतो. पोरगी नालीचं बोलतीय, हे त्यांना कळत नव्हतं व्हय? चांगलं कळत होतं. शब्दाचे दोन अर्थ समोर होते, त्यातला घाण तेवढा त्यांनी उचलला. लेकराच्या तोंडून उचलला, आन् दुसऱ्या दिवशी त्याच्याच जोरावर बाईला खुर्चीवरनं उठवलं. असले कार्यक्रम पोरांनी बघावेत का, म्हणून मोठी माणसं चर्चा करतात. ह्या टोणग्यांनी बघावेत का, ते कोण विचारणार?

मी पोरीला घेऊन बाईंच्या घरी गेले. मालक आत जेवत होते. पोरीनं वाकून पाया पडून माफी मागितली. बाई म्हणाल्या, मला तिथंच कळलं होतं तुला काय म्हणायचंय. हसणाऱ्यांनाबी कळलं होतं. मग त्यांनी विचारलं, पंधरा ऑगस्टला भाषण करणार न्हवं? पोरगी म्हणाली, न्हाय काकू, मी आता कधीच बोलणार न्हाय. मैदानात बाईंच्या डोळ्याला पाणी आलं नव्हतं. ते आता आलं. आतल्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या,

"मला बसवलं ते बसवलं. तुलाबी बसवलं व्हय? तहकूब सभा मंगळवारी हाय. मी येणार. तू आईसंगं ये, आन् नालीचं सगळ्यांसमोर मला विचार. त्यांना हसवू नको, मला विचार."

मंगळवारी मालक खुर्चीच्या एका बाजूला आन् ग्रामसेवक दुसऱ्या बाजूला बसले होते. बाई आल्या आन् मधल्या खुर्चीत बसल्या. मालक काहीतरी पुटपुटले, पण त्यांनी तिकडं बघितलंच न्हाय. पोरगी उठली आन् तिनं विचारलं, काकू, नाली दुसऱ्यांदा का केली? ह्या वेळी टेबल नव्हतं, थांबणं नव्हतं, हसू नव्हतं. बाईंनी सांगितलं, दुसऱ्यांदा केलीच न्हाय, जुनीवरनं नुसतं सिमेंट फिरवलंय. बिल म्या अडवलंय आन् त्यावर माझी सही व्हणार न्हाय. मालक जमिनीकडं बघत बसले.

तेवढ्यात मागनं एकजण उठला. म्हणाला, असल्या राजकारणात लहान पोरींना कशाला आणता, हिचं वय हाय का हे ऐकायचं? म्या वळून बघितलं, तर हा सव्वीस जानेवारीचा शिट्टीवाला. सभेत मी जन्मात कधी बोलले नव्हते.

"तवा शिट्टी मारताना हिचं वय तुम्हाला दिसलं न्हाय व्हय?"

बाजूच्यानं त्याचा सदरा धरून त्याला खाली बसवलं, आन् बाईंनी पुढचा विषय वाचायला घेतला.