वगळलेला ताड

तुमच्या मासिकातल्या असल्या हकिगती मी नेमाने वाचते, पण विश्वास ठेवायला नाही, चुका काढायला. आधी अमावास्या म्हणायचं आणि पुढच्याच परिच्छेदात अंगणात चांदणं पाडायचं... अशा जागी पेन्सिलीने खूण करून धाकट्या भावाला दाखवणं हा माझा आवडता उद्योग. मी रसायनशास्त्राची बी.एस्सी. आहे — एम.एस्सी. का नाही ते पुढे येईलच — आणि अंधेरीच्या एका शाळेत शास्त्र शिकवते. भूत, पिशाच्च, अंगात येणं यांवर माझा काडीचा विश्वास नव्हता, आजही नाही. तरी लिहायला बसले ते भीती वाटली म्हणून नव्हे. राग आला म्हणून, आणि चार वर्षं झाली तरी तो उतरत नाही म्हणून.

दारूबंदी आल्यापासून ताडी विकणं हा गुन्हा झाला हे सर्वांना ठाऊक आहे. नीरा मात्र चालते. आता नीरा म्हणजे काय, तर ताडाच्या शेंड्याला रात्री मडकं बांधून पहाटे उतरवलेला गोड रस. तोच रस ऊन चढेपर्यंत तसाच ठेवला की आपोआप फसफसतो, आणि त्याची ताडी होते. मडक्याला आतून चुना लावला तर हे आंबणं थोडं लांबतं. चुन्याऐवजी दुसरं काही वापरता येईल का, यावर आमचे सर संशोधन करत होते आणि मी त्यांच्या हाताखाली पदवीसाठी काम करत होते. सरांचं नाव सांगत नाही. अंधेरीत एका भाड्याच्या बंगलीत आमची प्रयोगशाळा होती, एवढं पुरे.

झाडं मात्र बोरीवलीची होती. स्टेशनच्या पश्चिमेला खाडीकडे जाणारा कच्चा रस्ता, दोन्हीकडे भाताची खाचरं, आणि पुढे ख्रिस्ती लोकांचं एक जुनं गावठाण. कौलारू घरं, मधोमध दगडी क्रूस, आणि घरांच्या मागे ताडांची रांग. त्यातली बारा झाडं आम्ही निवडली होती. पास्कू नावाचा एकजण चढून मडकी उतरवायचा, आणि त्याची विधवा भावजय मार्थाबाई हिच्या ओटीवर माझं टेबल असायचं. रांगेतला शेवटचा, आमचा बारावा ताड तिच्याच परसात होता.

प्रत्येक झाडाला आम्ही दोन मडकी बांधायचो. एक चुना लावलेलं, एक कोरं. कोरं अशासाठी की काहीच केलं नाही तर नीरा किती लवकर आंबते ते कळावं. अंगणात ऊन आलं की सगळी कोरी मडकी फेसाळायची, माश्या जमायच्या, वास सुटायचा. फक्त मार्थाबाईच्या परसातलं मडकं गप्प असायचं.

"पास्कू, ह्याला चुना लावलास का रे?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"नाय, बाय. कोरा हाय. बघ चाटून."

मी चाटलं नाही, लिटमस लावला. चुन्याचं नावही नव्हतं. मग मडकं बदललं. मग नवी मडकी आणून स्वतः उकळत्या पाण्यात धुतली. शेजारच्या झाडाचं मडकं इथे आणि इथलं तिथे बांधलं. शेवटी प्रयोगशाळेतले काचेचे चंबू दोरीने वर पाठवले. दोन झाडांची नीरा शेजारी-शेजारी उन्हात ठेवली की एकीला फेस यायचा आणि दुसरी संध्याकाळी प्यावी तरी पहाटेइतकी गोड. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर आंबवणाऱ्या पेशी दोन्हीत सारख्याच. ह्या नीरेतला एक थेंब साखरेच्या पाण्यात टाकला तर दुपारपर्यंत ते पाणी फसफसलं! म्हणजे पेशी ठणठणीत होत्या, पण ह्या एका रसात हात बांधून बसल्या होत्या.

मी मार्थाबाईला विचारलं. तिने हातातलं सूप खाली ठेवलं.

"तुला आता दिसला होय? मना वाटलेला, तू पयल्याच दिवशी विचारशील."

मग तिने सांगितलं ते असं. तिचा नवरा अंतोन परवाना घेऊन नीरा विकायचा. एका सकाळी स्टेशनच्या वाटेवर त्याला पोलिसांनी अडवलं. मडकं तपासायचं म्हणाले, पण तपासणारा साहेब जागेवर नव्हता. अंतोनला उन्हात बसवलं, मडकं शेजारी.

"सायेब जेवून दुपारी आला," मार्थाबाई म्हणाली. "मडका नाकाला लावला नि बोलला, ताडी हाय. हाय तर काय! सकाळी नीरा होती, दुपारी ताडी झाली. माझ्या घोवान थोडीच केली? उन्हान केली."

अंतोन तुरुंगात जाऊन आला, आणि आल्यावर परत झाडावर चढला नाही. तापाने गेला. जाईपर्यंत एकच वाक्य धरून बसला होता — मार्था, माझी नीरा गोड होती. आणि तो गेला त्या हंगामापासून हा ताड आंबत नाही.

"गावात कोणाला सांगितलंत?"

"सांगितला. बोलले, मार्था चुना लावते."

शिंदीच्या झाडाखाली बसून ताक प्यायलं तरी लोक शिंदीच म्हणणार, हे मला ठाऊक होतं. पण ह्या लोकांचा मला विशेष राग आला. दिवेलागणीला त्या गावठाणात कोणाच्या मागच्या दारी काय उकळत असे, हे नाक असलेल्या कुणालाही कळलं असतं. तेच लोक अंतोनच्या घराला दारूवाल्याचं घर म्हणत होते! आपलेही परवाने जातील या भीतीने त्यांनी मार्थाबाईला वाळीतच टाकलं होतं. मे महिन्यात गावच्या क्रुसापुढे रोज संध्याकाळी लदीन होते, म्हणजे सगळे मिळून प्रार्थना गातात. रोज एका घराची पाळी. त्या घराने मेणबत्त्या, फुलं आणायची आणि शेवटी सर्वांना उकडलेले चणे वाटायचे. अंतोनला पकडल्यापासून मार्थाबाईची पाळी आली की ती पुढच्या घराला जायची. तिचे चणे कुणी घेत नसे.

"तू शिकलेली हायस," ती म्हणाली. "माझ्या पाळीच्या दिवशी खुरसापुढे उभी राहा नि सांग, अंतोनची नीरा आंबत नाय."

"मार्थाबाई, आजची नीरा आंबत नाही यावरून तेव्हाची आंबली नव्हती असं सिद्ध होत नाही."

"ते मी विचारलाच नाय. तू बघितलास ना? बघितलास तेवढा सांग."

मी म्हटलं, थांबा, आधी सरांना दाखवते. सरांनी छापलं की मग कोण बोलतंय. एवढा माझा छापील कागदावर भरवसा.

सर आले. ऊन डोक्यावर होतं, अकरा कोरी मडकी फेसाने भरली होती. बाराव्याची नीरा सरांनी स्वतःच्या हाताने ओतून घेतली, एक ग्लास प्यायले, मग आणखी एक. रुमालाने मिशा पुसल्या, उत्तम आहे म्हणाले. परतीच्या टांग्यात बसल्यावर म्हणतात, "हे झाड वगळून टाका."

"सर, आपण आत्ता स्वतः प्यायलात."

"प्यायलो म्हणून काय झालं? संशोधनाला पैसे देणाऱ्या समितीपुढे मी काय सांगू, झाडाला इच्छाशक्ती आहे? अकरा झाडं नियमाने वागतात. नियम त्यांच्यावरून ठरतो."

"आणि बारावं?"

"बाराव्याच्या मडक्याला कुणाचा तरी चुना लागलेला असतो. तुम्ही पान खाता का?"

जन्मात पान खाल्लेलं नाही मी! आमच्या घरात पानाचा डबासुद्धा नाही. पण संतापाने माझ्या तोंडून शब्द फुटेना, आणि टांगेवाल्याला वाटलं असेल की बाईंनी खरंच खाल्लं असावं.

गप्प बसणारी मी नव्हे. दुसऱ्या शहरातल्या एका वयस्कर शास्त्रज्ञांना मी सगळं कळवलं. ते आमच्या विषयातले मोठे अधिकारी, सर त्यांच्यापुढे चळाचळा कापत. त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं असतं तर ते झाड वगळायची सरांची छाती झाली नसती. मुंबईला कामासाठी येणारच आहे, रविवारी सकाळी झाड बघतो, असं त्यांचं उत्तर आलं. मी हवेत. आणि त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मार्थाबाईची पाळी होती. पाहिलं तेवढं सांगायचं ठरवून मीही गेले.

तिने सकाळपासून चणे उकडले होते. संध्याकाळी क्रुसापुढे मेणबत्त्या मांडायला वाकली तशी गावातले वडीलधारे दुमिंगबाबा म्हणाले, "मार्था, उचल ते. पाळी पुढल्या घराची हाय."  ती उचलायला लागली. घाईत एक मेणबत्ती खाली पडली.

मी उभी राहिले. चष्मा लावलेली, अंधेरीची, हिंदू मुलगी — मला तिथे बोलायचा अधिकार काय, असं कुणी विचारलं असतं तर उत्तर नव्हतं. कुणी विचारलं नाही.

"ह्या ताडाची नीरा मी हंगामभर तपासली आहे," मी म्हटलं. "मडकी माझी, धुतली मी. चुना नाही. ती आंबत नाही. का आंबत नाही, ते मला माहीत नाही. पण मार्थाबाई लबाडी करत नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय." इथे थांबायचं असं ठरवून गेले होते. पण त्या पडलेल्या मेणबत्तीकडे बघून माझं डोकं फिरलं. "आणि अंतोनची नीरा त्या दुपारी आंबली असेल, तर ज्यांनी त्याला उन्हात बसवलं त्यांनी ती आंबवली. तो माणूस सकाळी घरातून गोड नीरा घेऊनच निघाला होता."

 मग दुमिंगबाबांनी ती मेणबत्ती उचलून स्वतः लावली. प्रार्थना झाली. शेवटी त्यांनीच आधी ओंजळ पुढे केली. "घाल गो मार्था," म्हणाले, "दोन दाणे जास्ती घाल." मार्थाबाई चणे वाटताना रडत होती आणि मीही रडत होते, हे कबूल करते.

रविवारी सकाळी शास्त्रज्ञ आले. पास्कू झाडावर चढला. वरूनच ओरडला, "बाय, फेस हाय!"

माझा विश्वास बसेना. मडकं खाली आलं तेव्हा ऊन अजून अंगणात पोचलंही नव्हतं, आणि रस काठोकाठ फसफसत होता, बाहेर सांडत होता. आंबट वास. इतक्या लवकर तर बाकीची अकराही कधी आंबली नव्हती. पाहुण्यांनी ग्लास उजेडात धरला, हुंगला, खाली ठेवला. चिडले असते तर बरं झालं असतं. ते गोड हसले.

"मुली, नव्या संशोधकांचं असं होतं. पुढच्या वेळी मडकी नीट धुवावीत."

ते गेल्यावर मी त्या ताडाखाली गेले आणि ज्या माणसाला कधी पाहिलं नव्हतं त्याच्याशी भांडले. होय, भांडले. म्हटलं, "काय रे अंतोन, एक दिवस थांबता आलं नाही तुला? इतकी वर्षं थांबलास ना? तुझं काम झालं, तू मोकळा झालास. मी कुणाला काय दाखवू आता?"

मार्थाबाई मागे येऊन उभी होती. तिने माझ्या हातात रात्रीच्या चण्यांची पुडी ठेवली.

"तो कोणीतरी बोलायची वाट बघत होता, बाय."

मला हे पटत नाही. पेशींना कान नसतात. शनिवारच्या संध्याकाळी बोरीवलीत कोण काय बोललं ते ताडाच्या शेंड्याला कळण्याचा कोणताही मार्ग शास्त्राला ठाऊक नाही. पुढे कितीतरी सकाळी मी जाऊन पाहिलं. तो ताड आता चारचौघांसारखा आंबतो.

सरांचा निबंध अकरा झाडांसकट छापून आला. बारावं झाड येणार नसेल तर माझंही नाव नको, असं मी सांगितलं. माझी एवढी एकच मागणी त्यांनी आनंदाने मान्य केली. पदवी राहिली. लोक अजून विचारतात, त्या चुन्याच्या संशोधनाचं काय झालं हो? मी वह्या तपासायला घेते.

यंदाही मार्थाबाईच्या पाळीला गेले होते. मुक्काम तिथेच केला, आणि सकाळी पास्कूने त्याच झाडाची नीरा बाटलीत भरून दिली. "चुना घालू?" त्याने विचारलं. मी नको म्हटलं. का नको म्हटलं ते मलाच माहीत नाही. काहीतरी आशा असावी.

वाटेत टांगा मिळाला नाही. उन्हातून चालत स्टेशनात पोचले, आणि तिकिटाच्या खिडकीशी पिशवीतल्या बाटलीचं बूच फट्दिशी उडालं. वास पसरला. माझी साडी भिजली. समोरच्या पोलिसाने वळून पाहिलं — चष्मा, छत्री, शाळेच्या वह्या — आणि बाईंच्या पिशवीत काहीतरी फुटलं वाटतं, असं म्हणून त्याने मला जागा करून दिली.

मी तिथेच उभी राहिले. अंतोनही असाच निघाला होता, त्याच झाडापासून, ह्याच वाटेने, असाच रस घेऊन. त्याचा गुन्हा एवढाच होता. तो ताड का आंबत नव्हता, ते मला आजही सांगता येत नाही. पण अंतोनला तुरुंग आणि मला रांगेत जागा — याचं स्पष्टीकरण मला चांगलं ठाऊक आहे, आणि त्यात अमानवीय काहीही नाही.